मनगटावरील सूक्ष्म संवेदक : आकडा आणि संदर्भ

अलीकडे अनेक रुग्ण चिकित्सालयात येताना मनगटावरील घड्याळाने नोंदविलेले नाडीचे ठोके, निद्रेचे तास व पावलांची संख्या सोबत आणतात. औषधालयांतूनही अशा घड्याळांविषयी पृच्छा होते. या आकड्यांवर कितपत विसंबावे हे ठरविण्यासाठी ते कसे निर्माण होतात हे जाणून घेणे आवश्यक आहे, असे आम्हांस वाटते.

या उपकरणांचा पाया म्हणजे सूक्ष्म संवेदक, अर्थात सेन्सर. त्यांपैकी गतिसंवेदकात सिलिकॉनचे अतिसूक्ष्म वस्तुमान तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेले असते व त्याच्या कडांना कंगव्याच्या दात्यांसारख्या पट्ट्या असतात. उपकरण हलले की या पट्ट्या व शेजारच्या स्थिर पट्ट्या यांतील अंतर बदलते, त्यासरशी विद्युतधारिता बदलते आणि त्यावरून गतीचे मापन होते. १९९० च्या दशकात हे तंत्र मोटारगाडीतील सुरक्षा-पिशवी अपघातक्षणी फुगविण्यासाठी वापरात आले. २००७ च्या आयफोनमध्ये फोन आडवा धरताच पडद्यावरील चित्र आडवे होई, ते याच संवेदकामुळे. उपकरणास स्वतःच्या परिस्थितीचे असे जे ज्ञान होते, त्यास संदर्भभान म्हणता येईल.

घड्याळातील नाडीमापन प्रकाशाने होते. घड्याळाच्या पाठीमागून हिरवा प्रकाश त्वचेवर पडतो. रक्तातील हिमोग्लोबिन तो शोषून घेते व प्रत्येक ठोक्यासरशी परत येणारा प्रकाश किंचित कमी-अधिक होतो. परंतु हात हलल्यानेही असाच फरक पडतो. चालण्याचा ठेका नाडीचा ठेका म्हणून मोजला जाऊ नये, यासाठी गतिसंवेदकाचे साहाय्य घेतले जाते.

मात्र हे संदर्भभान मर्यादित आहे. व्यक्ती चालत आहे की स्थिर आहे, एवढे घड्याळास कळते. तिने नुकताच चहा घेतला, ती क्रुद्ध आहे, किंवा नाडीची गती मंद करणारे एखादे आधुनिक औषध घेत आहे, हे त्यास कळत नाही. निद्रानाशाचा रुग्ण डोळे उघडे ठेवून निश्चल पडला असता तो काळही निद्रा म्हणून नोंदला जाऊ शकतो. भोजनानंतर वा व्यायामानंतर लगेच नाडीपरीक्षा करू नये, असा आपल्या शास्त्राचा दंडक आहे. तोच विवेक या आकड्यांनाही लागू करावा.

सर्वांत गंभीर प्रश्न मधुमेहींचा आहे. सुई न टोचता रक्तशर्करा दाखविण्याचा दावा करणारी घड्याळे व अंगठ्या विकल्या जातात. अशा कोणत्याही घड्याळास वा अंगठीस आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. त्वचेखाली सूक्ष्म तंतू बसवून केलेल्या मापनाचे आकडे केवळ दर्शविणारी घड्याळे यांत येत नाहीत. चुकीच्या आकड्यावरून इन्शुलिनची मात्रा वाढविल्यास शर्करा एकाएकी घसरून काही तासांत रुग्णाच्या प्राणावर बेतू शकते.

म्हणून औषधालय-चालकांनी असा दावा करणारी उपकरणे विक्रीस ठेवू नयेत. वैद्यांनी नाडीचा आकडा पाहताना वेळ, आहार, श्रम व चालू औषधे यांची विचारपूस करावी, घड्याळाचा पट्टा सैल नव्हता ना हेही पाहावे. अनेक दिवसांच्या नोंदींतून दिसणारा कल उपयुक्त ठरतो. एकट्या आकड्यावरून मात्र चिकित्सा बदलू नये.