Explained: पीकविमा, अनुशेष आणि रोजगार हमी, धाराशिवच्या चर्चेतले तीन शब्द आणि एक अर्थतज्ज्ञ

धाराशिव जिल्ह्यात कोणत्याही गावच्या पारावर बसा. पाऊस कमी झाला तरी आणि जास्त झाला तरी तीन विषय निघतातच. विमा मिळणार का? मराठवाड्याचा अनुशेष कधी भरणार? रोजगार हमीची कामं सुरू होणार का? या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी गेलं की एक नाव पुन्हा पुन्हा भेटतं. ते म्हणजे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर.

कोण होते वि. म. दांडेकर?

विनायक महादेव दांडेकर यांचा जन्म १९२० मध्ये साताऱ्यात झाला. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत त्यांनी अनेक वर्षं काम केलं आणि १९६६ ते १९८० या काळात ते संस्थेचे संचालक होते. त्यांची मूळ पकड संख्याशास्त्रावर होती. गावात जाऊन आकडे गोळा करायचे आणि त्यावरून सरकारी धोरण तपासायचं, ही त्यांची पद्धत. मुंबई राज्यातल्या कूळकायद्याचा प्रत्यक्षात काय परिणाम झाला, याचा अभ्यासही त्यांनी १९५० च्या दशकात केला होता. १९९५ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं.

गरिबी मोजली, मग उपाय सांगितला

१९७१ मध्ये दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील गरिबीवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. माणसाला रोज २,२५० उष्मांक मिळतील इतकं अन्न घेता येईल, एवढा खर्च हा त्यांचा निकष होता. १९६०-६१ च्या किमतींनुसार ग्रामीण भागात त्यासाठी महिन्याला माणशी १५ रुपये लागत. या मोजणीत ग्रामीण भागातली सुमारे ४० टक्के आणि शहरी भागातली सुमारे ५० टक्के लोकसंख्या गरीब ठरली.

केवळ जमिनीच्या फेरवाटपाने ही गरिबी जाणार नाही, कारण वाटायला तेवढी जमीनच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मग उपाय काय? सरकारने सार्वजनिक कामं काढावीत आणि मजुरीची हमी द्यावी.

महाराष्ट्रात रोजगार हमी योजना उभी राहिली ती वि. स. पागे यांच्या पुढाकारातून. १९७२ च्या दुष्काळात तिचा विस्तार झाला, १९७७ मध्ये कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. योजनेसाठी नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला गेला. म्हणजे शहरातल्या पगारातून कापलेले पैसे गावातल्या नालाबांधाच्या मजुरीला गेले. पुढे २००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला.

अनुशेष म्हणजे नेमकं काय?

१९८३ मध्ये राज्य सरकारने प्रादेशिक असमतोल तपासण्यासाठी दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला.

पद्धत सोपी होती. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा क्षेत्रांत राज्याची सरासरी काढायची. जो जिल्हा सरासरीच्या खाली, त्याची तूट मोजायची. ती भरून काढायला लागणारा खर्च म्हणजे अनुशेष.

आकडे असे आले:

• विदर्भ: १,२४६.५५ कोटी रुपये
• मराठवाडा: ७५०.८५ कोटी रुपये
• उर्वरित महाराष्ट्र: १,१८९.३८ कोटी रुपये
• एकूण: ३,१८६.७८ कोटी रुपये

एकूण अनुशेषात मराठवाड्याचा वाटा २३.५६ टक्के होता. 'आमच्यावर अन्याय होतो' ही भावना पहिल्यांदाच रुपयांत मांडली गेली. विधिमंडळात भांडायला आमदारांच्या हातात आकडा आला.

पुढे काय झालं?

१९९४ मध्ये राज्यघटनेच्या कलम ३७१(२) नुसार विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळं स्थापन झाली. नंतरच्या निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ ची स्थिती धरून राज्याचा अनुशेष सुमारे १४ हजार कोटींवर असल्याचं दाखवलं. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

दरम्यान २०११ मध्ये अर्थतज्ज्ञ विजय केळकर यांची समिती नेमली गेली. तिने जिल्ह्याऐवजी तालुका हे एकक धरलं. जिल्ह्याच्या सरासरीत मागे पडलेला तालुका दिसत नाही, ही जुन्या पद्धतीची मोठी अडचण होती. धाराशिवच्या आठ तालुक्यांसाठी हा फरक महत्त्वाचा आहे. भूम-परंड्याचा प्रश्न वेगळा, उमरगा-लोहाऱ्याचा वेगळा.

२०१८ मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्हे निवडले. महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार आणि वाशीमसोबत तेव्हाच्या उस्मानाबादचं नाव त्यात आलं. इथेही निर्देशांकच मोजले जातात. पण भर तूट भरण्याच्या स्वतंत्र निधीवर नसून, आहेत त्याच योजना नीट राबवण्यावर आणि जिल्ह्यांच्या स्पर्धेवर आहे.

पीकविम्यातली 'सरासरी'

भारतातल्या पीकविम्याचे जनक म्हणूनही दांडेकरांचा उल्लेख होतो. प्रत्येक शेतात जाऊन नुकसान मोजणं खर्चिक आणि लहान शेतकऱ्यांच्या देशात जवळपास अशक्य आहे, असं त्यांनी १९७० च्या दशकात मांडलं. त्याऐवजी एका क्षेत्राचं सरासरी उत्पन्न पीक कापणी प्रयोगातून काढावं आणि ते घटलं तर त्या क्षेत्रातल्या सर्व विमाधारकांना सारख्या प्रमाणात भरपाई द्यावी. १९७९ ची प्रायोगिक योजना, १९८५ ची सर्वंकष योजना आणि २०१६ पासूनची प्रधानमंत्री पीकविमा योजना याच पायावर उभ्या आहेत.

हिशेब कसा होतो? समजा, महसूल मंडळाचं सोयाबीनचं उंबरठा उत्पन्न हेक्टरी १० क्विंटल आहे आणि प्रयोगात ६ क्विंटल आलं. घट ४० टक्के. विमा संरक्षित रक्कम ५० हजार असेल तर भरपाई २० हजार रुपये. पण मंडळाची सरासरी १० च्या वर राहिली आणि नदीकाठच्या एकाच शेतकऱ्याचं सगळं पीक वाहून गेलं, तर या सूत्रानुसार त्याला काहीच मिळत नाही.

ही उणीव भरण्यासाठी स्थानिक आपत्तीत वैयक्तिक पंचनाम्याची सोय जोडली गेली होती. राज्याने खरीप २०२५ पासून एक रुपयातला विमा बंद केला आणि ही अतिरिक्त संरक्षणंही काढली. भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगांवर आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भूम, परंडा परिसरात पुराने शेतं खरवडून नेली.

धाराशिवसाठी याचा अर्थ काय?

दांडेकरांनी सरासरी हे साधन वापरलं, कारण ते स्वस्त होतं, तपासता येत होतं आणि त्यात वशिल्याला जागा कमी होती. हे फायदे आजही खरे आहेत. पण सरासरी जितक्या मोठ्या भागाची, तितके तिच्यात हरवणारे लोक जास्त. अनुशेषाच्या मोजणीत एकक जिल्ह्यावरून तालुक्यावर आलं. विम्यातही मंडळाऐवजी गाव हे एकक धरायचं, तर प्रत्येक गावात पुरेसे कापणी प्रयोग घ्यावे लागतील आणि त्यासाठी माणसं आणि पैसा लागेल.

म्हणून पुढच्या हंगामात 'विमा मिळणार का' याच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा. आपल्या मंडळात कापणी प्रयोग कोणत्या शेतात, कोणत्या दिवशी होणार आहे? भरपाईचा आकडा तिथेच ठरतो.