स्ट्रेन गेज : प्रयोगशाळेतून साकवाकडे

लोणावळ्याच्या दुकानात चिक्की तोलणारा इलेक्ट्रॉनिक काटा आणि अभियांत्रिकी महाविद्यालयात काँक्रीटची तुळई मोडेपर्यंत दाबणारं यंत्र, दोन्हींच्या पोटात एकच वस्तू असते : स्ट्रेन गेज. नखाएवढी पातळ पट्टी. ती चिकटवलेला धातू किंचित ताणला, की पट्टीचा विद्युतरोध बदलतो. १९३८ साली अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज यांनी ती स्वतंत्रपणे शोधली. रूज तेव्हा भूकंपात पाण्याच्या टाकीचं काय होतं, हे छोट्या प्रतिकृतीवर तपासत होते.

आपल्याकडे मोजणीचं मोल कळलं ते ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे. कोयनेच्या भूकंपात १०३ मीटर उंचीच्या धरणाला वरच्या भागात तडे गेले. पण धरणाच्या गॅलरीतल्या त्वरणमापकाने हादऱ्यांची नोंद केली होती. जगभरचे धरण-अभ्यासक ती नोंद आजही वापरतात.

प्रयोगशाळांत मात्र बराच काळ डायल गेजचंच राज्य होतं. भार वाढवा, थांबा, काटा वाचा, वहीत लिहा. तुळई मोडायचा नेमका क्षण निसटायचाच. संगणक आले, १९८६ साली मोजमापासाठीचं लॅबव्ह्यू हे सॉफ्टवेअर आलं, आणि उपकरणाचं निम्मं काम सॉफ्टवेअरकडे गेलं. मला हाच सर्वांत मोठा बदल वाटतो. आकडे आपोआप नोंदवणाऱ्या एकाच डेटा लॉगरला आज स्ट्रेन गेज, उद्या सरक मोजणारा एलव्हीडीटी, परवा कंपनमापक जोडता येऊ लागला.

हातकाम तेच राहिलं. पोलाद पॉलिश पेपरने घासायचं, ॲसिटोनने पुसायचं, फेविक्विकच्या जातीच्या गोंदाचा थेंब टाकून पट्टी अंगठ्याने दाबून धरायची. खाली हवेचा बुडबुडा राहिला, तर पुढच्या आकड्यांचा भरवसा नाही. पोलादात २५० मायक्रोस्ट्रेन (लांबीच्या दशलक्ष भागांत २५० भाग) ताण आला, तरी १२० ओहमच्या गेजचा रोध बदलतो अवघा ०.०६ ओहम.

१५ जून २०२५ रोजी आपल्या मावळातच, इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा लोखंडी पूल रविवारच्या गर्दीत कोसळला. ४ जीव गेले. त्या पुलाला गेजपेक्षा कुलुपाची, म्हणजे वापर बंद करण्याची, गरज होती. पण जे साकव अजून उभे आहेत, त्यांचं काय? गेजचा एवढासा बदल वाचणारी वजनकाट्यातली २४ बिटची चिप आज काहीशे रुपयांत मिळते. लोणावळा-तळेगावच्या महाविद्यालयांनी जवळचा एकेक साकव निवडावा, पावसाळ्याआधी आणि नंतर त्यावर सारखाच भार ठेवून ताण मोजावा, आणि दोन्ही आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत.