कुठलं मुरुड हो?

मोबाइलच्या नकाशात नुसतं 'मुरुड' टाकून निघालात, तर तीन ठिकाणी पोचू शकता. एक, रायगड जिल्ह्यातलं जंजिऱ्यासमोरचं मुरुड. दोन, लातूरजवळचं मुरुड, जिथे समुद्र सोडून बाकी सगळं मिळेल. आणि तीन, आपलं. रत्नागिरी जिल्हा, दापोली तालुका, दापोलीपासून घाटी उतरून बारा-तेरा किलोमीटर. जंजिरा शोधत इकडे आलेला पाहुणा किनाऱ्यावर उभा राहिला की त्याला उत्तरेला समुद्रात एक किल्ला दिसतोच. तो सुवर्णदुर्ग. काही जण तोच जंजिरा समजून फोटो काढतात आणि खूश होऊन परत जातात. आपण कशाला सांगा!

नावांचा घोळ इथेच संपत नाही. मुरुडपासून थोड्या अंतरावर, आंजर्ल्याच्या बाजूला, मुर्डी नावाचं गाव आहे. गाव एवढंसं, पण केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८९९ साली सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय, रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, इथले. 'गारंबीचा बापू' लिहिणारे श्री. ना. पेंडसेही इथलेच. एका गावाला गणित आणि कादंबरी दोन्ही जमावीत, हे जरा जास्तच झालं.

आखून वसवलेलं गाव

मुरुडचा जुना भाग पाहिलात तर कोकणातल्या इतर गावांसारखा तो डोंगरउतारावर विखुरलेला नाही. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना घरं, घरामागे आगर, आणि पश्चिमेकडच्या आगराच्या मागे थेट पुळण. एका सिद्धपुरुषाने गाव आखून वसवलं, अशी आख्यायिका आहे. खरंखोटं तो सिद्धपुरुष जाणे, पण ज्याने कोणी ही आखणी केली त्याला वारा, पाणी आणि शेजाऱ्यांची भांडणं या तिन्हींचा अंदाज होता एवढं नक्की. गावातल्या दुर्गादेवीच्या देवळाचे कोरीव लाकडी खांब सावकाश बघा. बहुतेक लोक चप्पल काढून आत जातात, नमस्कार करतात आणि खांबांना पाठ लावून बसतात.

झाडावरून झाडावर

इथल्या आगरात नारळापेक्षा रुबाब पोफळीचा. सरळसोट, हाताच्या कवेत मावेल अशी, वाऱ्यावर डुलणारी. सुपारी उतरवणारा तरबेज गडी प्रत्येक झाडासाठी खाली उतरत नाही. शेंड्यावर बसून झोका घेतो, शेजारची पोफळ धरतो आणि तिच्यावर जातो. एकदा वर चढला की चार-पाच झाडं आटपूनच जमिनीवर. विमा कंपनीच्या माणसाने हे दृश्य न बघितलेलं बरं. अशी माणसं आता कमी होत चालली आहेत आणि आगरवाल्यांची खरी चिंता भावापेक्षा तीच.

पोफळीचं काही वाया जात नाही. गळून पडलेल्या विरीचे द्रोण होतात, पत्रावळी होतात. खोड फाडून पन्हळी करायच्या, मांडव घालायचे. नारळाच्या झावळ्यांचे झाप, हिरांची केरसुणी. सावलीत जायफळ, खोडावर मिऱ्याचा वेल. एका गुंठ्यात तीन मजली शेती आणि तीही कुठल्या योजनेची वाट न बघता.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं आणि दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावरची आगरं काही तासांत आडवी झाली. आजोबांनी लावलेली, नातवाने मोजलेली झाडं. पोफळ लावली की फळ धरायला सहा-सात वर्षं सहज जातात. नारळही घाई करत नाही. दरम्यानच्या काळात अनेक घरांना आधार दिला तो पर्यटकांच्या खोल्यांनी. ओटीवर पंखा आला, मागच्या अंगणात एसी खोली आली, आणि उकडीच्या मोदकाची ऑर्डर आदल्या रात्री फोनवरून घेणं सुरू झालं. ज्या होड्या मासे आणत, त्यांतल्या काही सकाळी पाहुण्यांना डॉल्फिन दाखवायला जातात. डॉल्फिन दिसलाच नाही तर? तर होडीवाला सांगतो, काल इथेच होते.

बैलगाडी समुद्रात

मुरुडला लागूनच हर्णै. इथला मासळीचा लिलाव बघायला मुद्दाम लोक येतात, पण लिलावाआधीची गंमत बघा. होड्या थोड्या आत, खोल पाण्यात उभ्या. त्यांच्यापर्यंत जायला वर्षानुवर्षं वापरलेलं वाहन म्हणजे बैलगाडी! बैल पोटापर्यंत पाण्यात शिरतात, गाडीत मासळी भरली की वळतात. जाताना बर्फ आणि डिझेल, येताना पापलेट आणि कोळंबी. शेतात नांगर ओढणारा आणि समुद्रात मालवाहतूक करणारा बैल एकाच तालुक्यात.

मग वाळूवर ढीग पडतात, भोवती कोंडाळं जमतं आणि बोली सुरू. बहुतेक सौदा नजरेवर. ढिगाकडे एकदा पाहून कोळणी जो आकडा बोलतात त्यापुढे आपला वजनकाटा खुळा वाटतो. शहरी पाहुण्याने मध्येच 'किलोने काय भाव?' विचारू नये. उत्तर मिळतं, पण ते छापण्यासारखं नसतं. आणि जून-जुलैत लिलाव बघायला जाऊ नये. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते.

लंडनमध्ये सुवर्णदुर्ग

आता जरा लांबची सैर. आग्नेय लंडनमध्ये शूटर्स हिल नावाच्या टेकडीवर एक त्रिकोणी मनोरा आहे, ६३ फूट उंचीचा. नाव 'सेव्हर्नड्रूग कॅसल'. हा सेव्हर्नड्रूग म्हणजे इंग्रजी जिभेने वाटून काढलेला आपला सुवर्णदुर्ग. १७५५ च्या एप्रिलमध्ये कमोडोर विल्यम जेम्सने तुळाजी आंग्र्यांकडून हा किल्ला घेतला. पेशवे त्या वेळी इंग्रजांच्या बाजूने होते, ही गोष्ट आपण शाळेत जरा भरभर वाचतो. जेम्स वारल्यावर त्याच्या बायकोने १७८४ साली नवऱ्याच्या आठवणीसाठी तो मनोरा बांधला. तिथे आज चहा मिळतो. मूळ सुवर्णदुर्गावर चहा मिळत नाही. होडीने जायचं, झाडीतून वाट काढत तटावर चढायचं आणि पाण्याची बाटली आपली आपण न्यायची.

नाव दाभोळचं, कंपनी पलीकडची

एन्रॉनची 'दाभोळ वीज कंपनी' आठवते? तो प्रकल्प दाभोळात नव्हताच! वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला. वर्तमानपत्रांचे मथळे दाभोळच्या नावावर, धुराडी धोपाव्याच्या बाजूला. दाभोळकरांना याचं काय वाटलं असेल ते वाटो, प्रसिद्धीची त्यांना सवय जुनीच. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी भारत फिरून परतला तो दाभोळच्या बंदरातूनच. १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगिजांनी हेच बंदर लुटून जाळलं.

आणि १५२४ साली वास्को द गामा तिसऱ्यांदा भारतात येत असताना दाभोळसमोर समुद्र अचानक थरथरला. वारा नाही, वादळ नाही, आणि जहाजं हलतायत. खलाशी घाबरले. आपल्या भीतीने समुद्र कापतोय, असं सांगून गामाने त्यांना धीर दिल्याची कथा पोर्तुगीज बखरकार देतात. पुढाऱ्याने आपत्तीचं श्रेय घ्यायची पद्धत अशी जुनी आहे. डेक्कन कॉलेजचे अशोक मराठे यांनी याच भूकंपाशी केळशीच्या भल्यामोठ्या वाळूच्या टेकाडाचा संबंध जोडला: त्सुनामीने आणून टाकलेली वाळू. सगळ्या अभ्यासकांना हे पटलेलं नाही. टेकाड मात्र शांतपणे, याकूबबाबांच्या दर्ग्याच्या परिसरात, वाद ऐकत बसलेलं आहे.

आठशे फुटांवरचं हवापाणी

दापोलीला जुनी माणसं 'कॅम्प' म्हणतात. इंग्रजांच्या फौजेचा तळ होता, हवा थंड, म्हणून पुढे निवृत्त शिपाई-सुभेदार इथे पेन्शनवर राहू लागले. रामजी सकपाळ त्यांतलेच; त्यांच्या धाकट्या मुलाच्या, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांच्या, बालपणीची काही वर्षं इथे गेली. दापोलीच्या मिशनच्या शाळेत पां. वा. काणे शिकले आणि पालगडचे साने गुरुजीही. मुरुडचे धोंडो केशव कर्वे धरले तर आंबेडकर, काणे आणि कर्वे अशा तीन भारतरत्नांची पावलं या एका तालुक्याला लागली. १९७२ साली कोकण कृषी विद्यापीठही इथेच आलं. या विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या केंद्राने नीलम आणि हापूस यांचा संकर करून 'रत्ना' आंबा काढला, १९८१ साली. रत्ना हापूसपेक्षा भरवशाने लागतो, पण बाजारात लोक पेटीवर हापूस हाच शब्द शोधतात.

बहिष्कार आणि तिकीट

धोंडो केशव कर्व्यांचं गाव मुरुड, जन्म मात्र आजोळी, खेड तालुक्यातल्या शेरवलीचा, १८ एप्रिल १८५८. सतराव्या वर्षी हे पोरगं परीक्षेला बसायला मुरुडहून साताऱ्याला चालत गेलं. सह्याद्री ओलांडून, पावसापाण्यातून, पायी. तिथे साहेबाने बघितलं आणि 'तू लहान दिसतोस' म्हणून परीक्षेलाच बसू दिलं नाही. आले तसे परत. आपली बस चुकली की आपण चार दिवस सांगत फिरतो.

१८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं आणि मुरुडाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. आईच्या घरी जाऊन राहणंसुद्धा अवघड करून टाकलं. त्यांचा पहिल्या लग्नाचा मुलगा, मुरुडातच १८८२ मध्ये जन्मलेला रघुनाथ, पुढे संततिनियमनाचा प्रचार करू लागला आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवू लागला. बापावर बहिष्कार घालणाऱ्यांनी एवढी घाई करायला नको होती.

१८ एप्रिल १९५८ रोजी, कर्व्यांना शंभर वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी, त्यांच्या चित्राचं पोस्टाचं तिकीट निघालं. हयात असताना तिकिटावर झळकलेले ते पहिले भारतीय. एकेकाळी ज्यांना गावात पाणी विचारायची पंचाईत होती, त्यांचाच चेहरा लावलेलं पत्र मुरुडच्या दारात येऊन पडू लागलं.

पत्ता न चुकणारी

शेवटी कासवीण. वेळास, केळशी, आंजर्ले आणि आसपासच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं रात्री येतात, वाळू उकरतात, शंभरेक अंडी घालतात आणि मागे न बघता परत जातात. पूर्वी ही अंडी खाल्ली जात, विकली जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला घरटी राखायला सुरुवात केली. मग पिल्लं समुद्रात सोडताना बघायला पाहुणे येऊ लागले, आणि वेळासकरांना कळलं की अंडं खाण्यापेक्षा अंडं सांभाळणाऱ्या घरी चार ताटं जास्त लागतात. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. गरम वाळूत माद्या जास्त.

२०२१ साली ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर एका कासविणीच्या पायाला क्रमांक लावला होता, ०३२३३. जानेवारी २०२५ मध्ये ती अंडी घालायला आली ती गुहागरच्या वाळूत. बंगालच्या उपसागरातून इथवर, साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास. पूर्व किनाऱ्यावरची कासवीण पश्चिमेला घरटं करते, हे कळून शास्त्रज्ञ चक्रावले. गुहागरकरांना त्यात फारसं नवल वाटलं नसावं. मुंबईहून मुरुडला निघालेली माणसं जंजिऱ्यात पोचतात, तिथे ही नकाशाशिवाय येऊन शंभरावर अंडी घालून पहाटेच्या आत परतही गेली.