लिनक्स संगणकावर कायम नोंदींची सोय

पावसाळ्यात पेडणे व डिचोली तालुक्यांच्या ग्रामीण भागांत वीज अवेळी जाणे नवे नाही. संगणक चालू असता असे घडल्यास चाललेले लेखन अर्धवट राहते आणि क्वचित सारी यंत्रणाच पुन्हा सुरू होत नाही. म्हणून लिनक्स प्रणालीचा ‘रूट’ हा मूळ विभाग केवळ वाचनापुरता खुला ठेवण्याची पद्धत आहे. जेथे लेखनच होत नाही, तेथे लेखन अर्धवट राहण्याचा प्रश्न उद्भवत नाही. गोव्यातील शाळांना लिनक्स अपरिचित नाही. या शतकाच्या प्रारंभी गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट या उपक्रमातून आलेल्या जुन्या संगणकांवर ते चालत असे.

परंतु मूळ विभागास कुलूप लावल्यावर विद्यार्थ्यांचे निबंध व शिक्षकांची गुणपत्रके ठेवावयाची कोठे? भूमापनाच्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर फेरफार रेखाटावेत, तसे काम ‘ओव्हरलेएफएस’ करते. २०१४ पासून ते लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट आहे. पाहणाऱ्यास नकाशा व कागद मिळून एकच चित्र दिसते. मात्र हा वरचा कागद बहुधा रॅममध्ये असतो. संगणक बंद होताच तो नाहीसा होतो.

यास्तव ‘एक्स्ट४’ पद्धतीचा स्वतंत्र विभाग करून तो ‘होम’ या जागी जोडावा. सगळाच वरचा थर कायम ठेवण्याचा मोह टाळलेला बरा, कारण मग चुकून झालेले बदलही तितक्याच निष्ठेने जपले जातात. मूळ विभाग एकवार लेखनासाठी खुला करून ‘एफएसटॅब’ या फाइलमध्ये नव्या विभागाची नोंद करावी व तो पुन्हा बंद करावा. नोंद ‘यूयूआयडी’ या ओळखक्रमांकाने असावी. पेनड्राइव्ह लावल्याने उपकरणांची नावे बदलू शकतात.

‘नोफेल’ हा पर्याय सोयीचा वाटतो, पण येथे तो घातक आहे. त्यामुळे विभाग जोडला गेला नाही तरी संगणक सुरू होतो, मुले लिहीत राहतात आणि ते सारे कोणाच्याही नकळत रॅममध्ये जाते. अशा वेळी संगणक अडून राहिला तर दोष निदान लक्षात तरी येतो. म्हणून जोडणीनंतर एक फाइल लिहून संगणक बंद करावा, पुन्हा सुरू करावा आणि फाइल जागेवर आहे की नाही, हे शिक्षकांनी स्वतः पाहावे. गुणपत्रकांची दुसरी प्रत मात्र त्या संगणकाबाहेरच असावी. चकतीच निकामी झाल्यास हा विभागही तिच्याबरोबर जातो.