इसार देण्यापूर्वी

मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ साली ट्रॅक्टर-प्रशिक्षणासाठी स्थापन झालेल्या केंद्र सरकारच्या संस्थेत आज ट्रॅक्टरांची रीतसर परीक्षाही होते, आणि तिच्या अहवालात पी.टी.ओ.वर प्रत्यक्ष मिळणारी शक्ती, इंधनाचा खप व हायड्रॉलिकची उचल यांची नोंद असते. रंगीत जाहिरातीपेक्षा हा रुक्ष कागद अधिक विश्वासार्ह, कारण रोटाव्हेटर फिरतो तो पी.टी.ओ.च्या जोरावर, बॉनेटवर रंगविलेल्या आकड्यावर नव्हे.

महिंद्रा श्रेष्ठ की स्वराज, हा वाद पारावर खुशाल चालू द्यावा (दोन्ही आता एकाच घरातले आहेत!), खरेदीदाराने मात्र विक्रेत्याच्या काचेच्या दालनात चहा घेऊन न थांबता मागच्या कार्यशाळेत जावे आणि क्लचप्लेट, फिल्टर, ऑइल सील फडताळात आहेत की ‘उद्या येतील’ या सबबीत, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. ऐन वाफशावर ट्रॅक्टर चार दिवस उभा राहिला, म्हणून बँकेचा हप्ता थांबत नाही.

कोटेशनात विमा, नोंदणी व अवजारे यांच्या रकमा पृथक् मागाव्यात. पहिली सर्व्हिसिंग बहुधा ५० तासांच्या सुमारास येते; ती बांधावर येऊन कोण करणार, हे इसार देण्यापूर्वीच लेखी घ्यावे.