वहीत नसलेलं



माझं वाचन म्हणजे कौटुंबिक कथा आणि दिवाळी अंक. ऐतिहासिक कादंबरी म्हटलं की लढाया आणि सनावळ्या आठवायच्या, म्हणून हातच लावत नव्हते. यंदा मात्र वाचनालयातून रणजित देसाईंची १९६२ सालची ‘स्वामी’ आणली.

सुरुवातीची पानं जड गेली. नावं एकमेकांत मिसळायची. मग कोण कोणाचं ते कागदावर लिहून काढलं. १७६१ साली पानिपतावर थोरले विश्वासराव पडले, त्याच वर्षी वडील नानासाहेबही गेले आणि सोळा वर्षांचे माधवराव पेशवे झाले. राघोबादादा काका, गोपिकाबाई आई, रमाबाई पत्नी. एवढं कळल्यावर गोष्ट ओळखीची वाटली. डोक्यावर कर्ज, घरात भाऊबंदकी, पुढे क्षयाचा आजार. यातलं आपल्याला नवीन काय आहे?

आता यातलं खरं किती? आपली इतिवृत्ताची वही आठवा. त्यात ‘कर्ज मंजूर’ एवढंच असतं. त्या कर्जासाठी घरी कोण रात्रभर जागलं, ते वहीत येत नाही. इतिहासाचे कागदही तसेच. माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला वारले, रमाबाई सती गेल्या, ही झाली नोंद. दोघांचं एकांतातलं बोलणं लेखकानं मनानं रचलं. ते वाचून डोळे भरून येऊ द्यावेत, पण इतिहास म्हणून मुलांना सांगू नये.

शेवटचा भाग मी बैठकीनंतर वाचून दाखवला. सगळ्या गप्प झाल्या. कोणीतरी म्हणालं, “प्रेम असावं तर असं.” तेव्हा आमच्यातल्या एक ताई बोलल्या, “माझे मालक गेले तेव्हा मी एकोणतीसची होते. मी जगले, दोन लेकरं वाढवली. माझं प्रेम कमी होतं का गं?”

उत्तर कोणाकडेच नव्हतं. घरी येऊन मी तीच पानं पुन्हा वाचली. सतीबंदीचा कायदा बंगालमध्ये झाला तो १८२९ साली, म्हणजे सत्तावन्न वर्षांनी. रमाबाईंपुढे विधवेचं कसलं आयुष्य होतं, हा प्रश्न पहिल्या वाचनात मला पडलाच नव्हता.

म्हणून सांगते, आपल्या सवयीबाहेरचं एखादं पुस्तक घ्या. नावांचा कागद जवळ ठेवा, रोज दहा पानं वाचा. आणि जमलं तर एकटीनं वाचू नका, चारचौघींत वाचा.