टिपिंग ट्रॉलीचा जॅक : आधी वजन मोजा, मग माप सांगा

भोर-वेल्ह्याकडची जमीन चढउताराची. भाताच्या खाचरात शेणखत टाकायचं, बांधाला दगड न्यायचे, पावसाळ्यापूर्वी वाटेवर मुरुम पसरायचा, तर ट्रॉली रिकामी करण्यातच निम्मा दिवस जातो. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत. म्हणून साधी ट्रॉली वर्कशॉपमध्ये नेऊन तिला जॅक बसवून घेण्याकडे बऱ्याच जणांचा कल असतो. कल्पना चांगली आहे. पण 'मिळेल तो जॅक बसवा' असं सांगून आलात, तर पैसे जातात आणि कधी जिवावरही बेतते.

वेल्ह्याकडच्या एका शेतकऱ्याने अशीच ट्रॉली करून घेतली. भंगारातला जुना जॅक स्वस्तात मिळाला होता. पहिल्या हंगामात शेणखत झकास ओतलं. पुढं उन्हाळ्यात मुरुम भरला, तर हौदा थोडा उचलला आणि तिथंच अडकला. कुणीतरी सल्ला दिला, "रिलीफ व्हॉल्व्ह आवळा." आवळला, आणि होज पाइप फुटला. हौदा धाडकन खाली आला. नशिबाने खाली कोणी नव्हते. मी गेलो तेव्हा त्यांचा एकच प्रश्न होता, "साहेब, जॅक तर तोच, मग शेणखत उचललं आणि मुरुम का नाही?"

उत्तर साध्या हिशेबात आहे. कागद-पेन्सिल घ्या आणि माझ्याबरोबर करा.

पहिले, वजन. हौदा १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि दीड फूट उंच धरू. म्हणजे ९० घनफूट, एका ब्रासला थोडा कमी. कुजलेलं शेणखत एवढ्या जागेत दीड-दोन टन बसते. मुरुम मात्र चार टनांच्या आसपास जातो, ओला असेल तर आणखी जास्त. हौद्याचे स्वतःचे वजन एक टन धरा. म्हणजे शेणखताला तीन टन, मुरुमाला पाच टन. ट्रॉलीत जे सर्वांत जड भरणार, त्यावरच हिशेब करायचा.

दुसरे, जॅकची जागा. हौद्याची बिजागरी मागे असते आणि माल सारखा भरला तर भार मधोमध, म्हणजे बिजागरीपासून ५ फुटांवर धरता येतो. जॅक बिजागरीपासून ४ फुटांवर उभा असेल, तर सुरुवातीचा जोर ५ गुणिले ५ भागिले ४, म्हणजे सव्वासहा टन लागतो. तोच जॅक ३ फुटांवर घेतला तर सव्वाआठ टनांच्या वर जातो. पहार दगडाजवळ धरून उचलली तर जड जाते, लांब धरली तर हलकी, तोच हा प्रकार. जॅक तिरपा बसवला तर याहून जास्त जोर लागतो.

तिसरे, जाडी. बंद नळीतल्या तेलावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल यांनी सतराव्या शतकात सांगून ठेवलं आहे. म्हणून जोर म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ. तुमच्या ट्रॅक्टरचा दाब पुस्तिकेत पाहा. आपण इथे दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो धरू. ६ सें.मी. व्यासाच्या दांड्याचे क्षेत्रफळ २८ चौ. सें.मी. भरते, म्हणजे जोर सव्वाचार टन. शेणखताला पावणेचार टन लागतो, तो उचलणारच. मुरुमाला सव्वासहा लागतो, तो कसा उचलणार? त्या शेतकऱ्याचा प्रश्न इथे सुटला. सव्वासहात चौथाई जादा धरा, पावणेआठ टन होतात. ८ सें.मी.चा दांडा साडेसात टनांपर्यंतच जातो. ९ सें.मी.चा साडेनऊ टन देतो, तोच घ्यावा. जॅक दोन-तीन टप्प्यांचा टेलिस्कोपिक असेल, तर सर्वांत बारीक सरकत्या नळीचा बाहेरचा व्यास मोजा. शेवटी भार तिच्यावरच येतो.

चौथे, लांबी. माल घसरायला हौदा ४५ अंशांपर्यंत तिरपा व्हायला हवा. आपल्या उदाहरणात जॅक सुमारे ३ फूट वाढावा लागतो, आणि हौद्याखाली जागा असते जेमतेम दीड फूट. म्हणून तीन टप्प्यांचा जॅक लागतो. खात्री करायची तर पुठ्ठ्याचा हौदा कापा, एका फुटाला एक इंच प्रमाण घ्या, टाचणीवर फिरवा आणि दोन्ही वेळची लांबी मोजा. चूक पुठ्ठ्यावर झालेली बरी.

पाचवे, तेल. इथंच बहुतेक जण फसतात. असा जॅक पूर्ण उघडायला सुमारे ९ लिटर तेल घेतो, आणि ते तुमच्या ट्रॅक्टरमधूनच येते. बाहेरच्या अवजाराला किती तेल घेता येते ते पुस्तिकेत पाहा. गरजेपेक्षा जाड जॅक घेतला तर तेल जास्त ओढले जाते, उतारावर पंप हवा खेचतो आणि ट्रॅक्टर बिघडतो. शिवाय हौदा उचलायला वेळ लागतो तो वेगळाच. तेव्हा मोठा जॅक म्हणजे चांगला जॅक नव्हे, मापाचा जॅक चांगला. शेजाऱ्याची ट्रॉली जोडताना तिच्यातलं घाण तेल आपल्या ट्रॅक्टरमध्ये येतं, हेही विसरू नका.

हा हिशेब फक्त ट्रॉलीपुरता नाही. वैमानिकांना जमिनीवरच शिकवण्यासाठी सहा जॅकांवर डोलणारे चौथरे वापरतात. १९६५ साली स्टुअर्ट नावाच्या इंग्रज अभियंत्याने अशा चौथऱ्यावर निबंध प्रसिद्ध केला. तिथेही आधी वजन, मग जागा, मग जाडी, लांबी आणि तेल, हाच क्रम.

आता जिवाच्या गोष्टी. जॅक उचलत नसेल तर माल कमी करा, व्हॉल्व्हला पाना लावू नका. आडव्या उतारावर हौदा उचलू नका. भार वर गेला की ट्रॉली कलंडते, आणि ओला माल एका बाजूला चिकटला तर आणखी लवकर. वर विजेच्या तारा आहेत का ते आधी पाहा. उचललेल्या हौद्याखाली लोखंडी टेकू लावल्याशिवाय हात घालू नका. टेकू जॅकबरोबरच करून घ्या, खर्च फार नाही.

ग्रामपंचायत अधिकारी आणि सरपंच मंडळींनाही एक विनंती. ग्रामपंचायतीची ट्रॉली करून घेताना दरपत्रकावर फक्त 'जॅकसह' असे लिहून घेऊ नका. किती टन, किती व्यास, किती लांबी, किती लिटर तेल आणि टेकू, ही पाच कलमे लिहून मागा. नोंदणी झालेल्या ट्रॉलीत असा बदल करण्यापूर्वी मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे काय करावे लागते, ते प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारून घ्या.

त्या शेतकऱ्याने पुढे जॅक बदलला. वर्कशॉपमध्ये जाताना मात्र खिशात हिशेबाचा कागद घेऊन गेले. तुम्हीही तसेच जा.